बातमी गेली त्या वाटेनं: मेक्सिकोच्या पठारावर पहिल्यांदा गाडी चालवताना

सप्टेंबर १८१० मध्ये केरेतारो शहरातल्या एका वाड्यात होसेफा ओर्तिस दे दोमिंगेस ही बाई खोलीत कोंडलेली होती. कोंडणारा तिचा नवराच, म्हणजे शहराचा कोरेहिदोर, स्पॅनिश राजाचा अंमलदार. स्पेनविरुद्धचा कट फुटला होता आणि होसेफा त्या कटात होती. सांगतात असं, की तिनं टाचेनं जमीन ठोकून खालच्या तुरुंगाच्या रखवालदाराला, इग्नासिओ पेरेसला, खूण केली आणि निरोप दिला: सान मिगेलला जा, आयेंदेला सावध कर. पेरेस घोड्यावरून सान मिगेलला पोचला. कटातला सैनिकी अधिकारी आयेंदे तिथं नव्हता, म्हणून त्यानं कटातल्याच हुआन आल्दामाला गाठलं आणि आल्दामा पुढे दोलोरेसला दौडला. १६ सप्टेंबरच्या पहाटे दोलोरेसचे पाद्री मिगेल इदाल्गो यांनी चर्चची घंटा वाजवून लोकांना उठावाची हाक दिली. त्यानंतर बारा दिवसांनी ग्वानाह्वातोच्या धान्यकोठारापाशी रक्त सांडलं.

केरेतारो, सान मिगेल, दोलोरेस, ग्वानाह्वातो. ही चार गावं आज गाडीनं दोनशे किलोमीटरच्या आत होतात आणि माझं सांगणं एवढंच आहे, की ती याच क्रमानं करा. पहिल्या खेपेला आम्ही उलटे गेलो होतो. विमान सोयीचं मिळालं म्हणून ग्वानाह्वातोपासून सुरुवात केली. कोठाराच्या कोपऱ्यावर जिथं इदाल्गोंचं शिर टांगलं होतं तिथं आई उभी राहिली आणि म्हणाली, "पण हे होते कोण?" त्याचं उत्तर पुढे तीन दिवसांनी दोलोरेसला मिळालं, आणि तोवर तो कोपरा मागे राहिला होता. दुसऱ्या खेपेला बातमीच्या वाटेनं गेलो, तेव्हा तोच कोपरा पाहून आमच्यापैकी कुणी बराच वेळ बोललं नाही.

खालच्या सूचना पहिल्यांदाच मेक्सिकोत गाडी चालवणाऱ्यांसाठी आहेत. मग तुम्ही पुण्याहून जा किंवा डॅलसहून. उच्चाराची एक गोष्ट आधी सांगतो: स्पॅनिशमध्ये 'एच' मुका असतो आणि 'जे'चा उच्चार 'ह' होतो. म्हणून पाटीवर हिडाल्गो दिसलं तरी म्हणायचं इदाल्गो.

आधी तारखा ठरवा

हे सगळं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० ते २१०० मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे तुमचा सगळा प्रवास कळसूबाईच्याही वरून होणार. हवा कोरडी आणि ऊन कडक असतं, रात्री गारवा असतो. पहिल्या दिवशी जिने चढताना धाप लागते. घाबरू नका, पण पाणी जास्त प्या आणि त्या दिवशी काही धावपळीचं ठरवू नका. पाणी मात्र बाटलीचं किंवा हॉटेलातल्या मोठ्या जारचं, नळाचं नाही.

पाऊस जून ते सप्टेंबर. तो बहुतेक दुपारनंतर येतो, म्हणून पावसाळ्यात गेलात तर गाडी सकाळी चालवा. डिसेंबर-जानेवारीत दिवस छान, पण रात्री कुडकुडायला होतं आणि जुन्या दगडी घरांत हीटर असेलच असं नाही. माझी पसंती ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. बाजारात झेंडूचे ढीग लागलेले असतात आणि दाराशी, वेदीवर, थडग्यावर सगळीकडे झेंडू दिसतो. आपण दसऱ्याला ज्याची तोरणं लावतो तो झेंडू मूळचा इथलाच. आपल्या पितरांसारखेच इथले पूर्वज त्या फुलांच्या वाटेनं घरी येतात, असं ही माणसं मानतात. दसरा होऊन काहीच दिवस झालेले असताना हे बघणं मराठी माणसाला आतून हलवतं.

दोन गर्द्या लक्षात ठेवा. ऑक्टोबरात ग्वानाह्वातोला १९७२ पासून चालत आलेला सेर्व्हान्तिनो कलामहोत्सव असतो. तेव्हा खोली हवी असेल तर कित्येक महिने आधी घ्यावी लागते. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तर सगळा मेक्सिकोच रस्त्यावर असतो. आणखी एक साधी गोष्ट, जी चुकली की दिवस वाया जातो: संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. ग्वानाह्वातोत सोमवार येणार नाही असा हिशोब करूनच विमानाची तिकिटं काढा.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांपैकी एखाद्याचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल, किंवा तिथला कायमचा वास्तव्य परवाना असेल, तर पर्यटनासाठी वेगळा मेक्सिकन व्हिसा घ्यावा लागत नाही. तिकीट काढण्यापूर्वी मेक्सिकोच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर हा नियम त्या दिवशी काय आहे ते वाचून घ्या. भारतातून थेट विमान नाही, म्हणून वाटेत जिथं विमान बदलायचं त्या देशाचा व्हिसा लागतो का तेही बघा. इमिग्रेशनचा अधिकारी किती दिवस मुक्कामाची परवानगी देतो, ते शिक्क्यावर तिथल्या तिथं वाचायचं.

वाहन परवान्यावरचा मजकूर इंग्रजीत आहे ना ते पाहून मूळ कार्ड सोबत ठेवा. शिवाय निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. फोनमधला परवाना भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर कुणी मानत नाही. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं हवं, कारण अनामत रक्कम त्या कार्डावर अडकवून ठेवतात.

गाडी मेक्सिको सिटीतून घेऊ नका

एवढ्या मोठ्या शहरात, अनोळखी गाडीत, रस्त्याच्या उलट्या बाजूनं आणि प्रवासाची झोप डोळ्यांवर असताना सुरुवात करायची काहीच गरज नाही. त्यातून त्या शहरात गाडीच्या नंबरच्या शेवटच्या आकड्यावरून ठरावीक वारी गाडी रस्त्यावर आणायला बंदी असते. विमानतळावरूनच केरेतारोला थेट बस सुटतात. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर, साधारण तीन ते साडेतीन तास, आणि बसच्या खुर्च्या इतक्या ऐसपैस की झोप पुरी होते. केरेतारोत दोन रात्री राहा, शहर पायी बघा आणि निघायच्या सकाळी गाडी ताब्यात घ्या. परत देण्यासाठी लेओनचा विमानतळ निवडा. तो सिलाओ गावाजवळ आहे, ग्वानाह्वातोपासून तीसेक किलोमीटरवर. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचे जादा पैसे पडतात. ते द्या, कारण परतीचा एक अख्खा दिवस वाचतो.

गाडी लहान घ्या. ऑटोमॅटिक सांगून ठेवा, नाहीतर बऱ्याचदा गिअरची मिळते आणि इथं गिअर उजव्या हाताला असतो. विम्याचं नीट बघा: संकेतस्थळावर जे अगदी स्वस्त भाडं दिसतं त्यात बऱ्याचदा तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा धरलेला नसतो आणि मेक्सिकोत तो सक्तीचा आहे. क्रेडिट कार्डाचा विमा फार तर तुमच्या हातातल्या गाडीचं नुकसान भरतो, समोरच्याचं नाही. आमच्या पहिल्या खेपेला काउंटरवर गेल्यावर भाडं जवळपास दुप्पट झालं होतं. तेव्हापासून मी बुकिंग करतानाच सगळे विमे धरलेली एकूण रक्कम लेखी मागतो. गाडी घेताना आणि देताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. छत, टायर आणि काच विसरू नका.

रस्त्याची भाषा

गाडी उजवीकडून चालवायची. भारतातून थेट येणाऱ्याला पहिला तास जड जातो, नंतर हात बसतो. एकच खूण मनात ठेवा: चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला असला पाहिजे. तुम्ही कडेच्या बाजूला बसलेले दिसलात, तर चुकीच्या बाजूला आहात. रिकाम्या रस्त्यावर किंवा पेट्रोल पंपातून बाहेर पडताना ही चूक सर्वात जास्त होते, कारण अनुकरण करायला समोर दुसरी गाडी नसते. शेजारी बसलेल्यानं प्रत्येक वळणाला "उजवीकडे राहा" एवढं म्हणायचं. आमच्याकडे हे काम बाबांकडे होतं आणि ते त्यांनी आठही दिवस न कंटाळता केलं.

'तोपे' म्हणजे गतिरोधक. इथले तोपे आपल्याकडच्या बिनरंगाच्या गतिरोधकांचे सख्खे भाऊ आहेत. गावात शिरताना एक आणि बाहेर पडताना एक असणारच. पाटी असेलच असं नाही. वस्ती दिसली की वेग कमी करायचा. रस्त्याच्या मधोमध कुणी शेंगदाणे किंवा फळं घेऊन उभा दिसला तर तिथं नक्की तोपे आहे, कारण गाड्या जिथं मंदावतात तिथंच तो विकायला उभा राहतो.

'कुओता' म्हणजे टोलचा रस्ता आणि 'लिब्रे' म्हणजे बिनटोलचा. लांबच्या टप्प्याला कुओता घ्या. टोलनाक्यावर रोख पेसो जवळ ठेवा, डॉलर देऊ नका, आणि पावती टोल संपेपर्यंत जपून ठेवा. पेसोची खूण आणि डॉलरची खूण एकच असते. पहिल्या दिवशी जेवणाच्या कार्डावरचे आकडे बघून दचकायला होतं, ते पेसोच असतात. पैसे बँकेच्या एटीएममधून काढा आणि यंत्रानं "आमच्या दरानं बदलून देऊ का" असं विचारलं तर नाही म्हणा.

दोनपदरी रस्त्यावर तिथली एक रीत आहे: हळू जाणारी गाडी उजवीकडे, जवळजवळ कडेच्या पट्टीवर सरकते आणि मागच्याला वाट देते. तुमच्या मागे कुणी घाईत असेल तर तुम्हीही तसंच करा. पुढचा ट्रक डावा दिवा लुकलुकवून "जा पुढे" असंही सांगतो, पण तोच दिवा "मी डावीकडे वळतोय" असंही सांगत असतो. नवख्यानं त्या खुणेवर विसंबू नये, समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. अरुंद पुलापाशी समोरून कुणी हेडलाइट मारले तर त्याचा अर्थ आपल्या घाटांत असतो तोच: "आधी मी येतोय."

पाट्यांवरचे चार शब्द पुरतात. 'आल्तो' म्हणजे थांबा, 'सेदा एल पासो' म्हणजे समोरच्याला आधी जाऊ द्या, 'रेतोर्नो' म्हणजे उलट फिरण्याची जागा, 'देरुंबेस' म्हणजे दरड कोसळते. काही चौकांत 'उनो य उनो' लिहिलेलं असतं, एक त्यांची गाडी, एक तुमची. सान मिगेलच्या जुन्या गावात सिग्नल नाहीत, तिथं सगळं याच रीतीनं चालतं, आणि किती शांतपणे चालतं ते बघण्यासारखं आहे.

पेट्रोल पंपावर माणूस भरून देतो. साधं पेट्रोल हिरव्या नळीचं, त्याला 'माग्ना' किंवा नुसतं 'ला वेर्दे' म्हणतात. टाकी पूर्ण हवी तर "येनो, पोर फावोर". मीटर शून्यावर आहे का ते बघा, तोही बहुधा स्वतःहून "एन सेरोस" म्हणून दाखवतो. पाच-दहा पेसो बक्षीस द्यायचे. अर्धी टाकी झाली की भरायची, पाव टाकीपर्यंत वाट बघायची नाही.

गाडी बंद पडली तर ०७८ फिरवा. सरकारची 'आंखेलेस व्हेर्देस', म्हणजे हिरवे देवदूत, ही महामार्गावरची मदत सेवा आहे. हिरव्या गाड्या फिरत असतात आणि किरकोळ दुरुस्ती करून देतात. बाकी संकटाला ९११. पोलिसानं थांबवलं तर शांतपणे परवाना दाखवा. चूक झाली असेल तर रीतसर दंडाची पावती मागा आणि रस्त्यावर हातात पैसे देऊ नका.

सुरक्षिततेबद्दल सरळ

ग्वानाह्वातो राज्यात टोळ्यांची हिंसा आहे, हे लपवून कुणाला पाठवणं मला पटत नाही. तिचा जोर राज्याच्या दक्षिणेकडच्या सेलाया, सालामांका, इरापुआतो या पट्ट्यात आहे. सालामांकाला तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि त्याच्या नळांमधून होणाऱ्या तेलचोरीवरून तिथं टोळ्या भांडतात. बातमीची वाट त्या पट्ट्याच्या उत्तरेकडून जाते, हे आपलं नशीब. तरी तीन नियम पाळा. सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं. नकाशानं आडवाटेचा जवळचा रस्ता दाखवला तरी मुख्य रस्ता सोडायचा नाही. आणि निघण्याच्या आठवड्यात आपल्या किंवा राहत्या देशाच्या सरकारची ताजी सूचना वाचायची. साकातेकास हे ग्वानाह्वातोसारखंच चांदीच्या खाणींचं शहर अतिशय देखणं आहे, पण पहिल्या प्रवासात मी ते जोडू नका असंच म्हणेन.

पहिला मुक्काम: केरेतारो

दोन दिवस, पायी. होसेफाचा वाडा मुख्य चौकातच आहे, आता तिथं राज्य सरकारची कचेरी चालते. आत जाऊन जिना चढा, जमीन बघा आणि ती टाच आठवा. शहराच्या पूर्वेला अठराव्या शतकात उभा राहिलेला ७४ कमानींचा नहर आहे, सुमारे १२८० मीटर लांब. डोंगरातलं पाणी शहरात आणण्यासाठी तो बांधला. संभाजीनगरचा नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिला आहे त्यांना पाण्यासाठी माणूस काय काय करतो हे नव्यानं सांगायला नको, पण संध्याकाळच्या उन्हात या कमानी बघितल्याशिवाय निघू नका. शहराचा जुना भाग १९९६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

याच शहरात १९ जून १८६७ ला फ्रेंचांनी मेक्सिकोच्या गादीवर बसवलेल्या सम्राट माक्सिमिलियानोला गोळ्या घातल्या आणि याच शहरात ५ फेब्रुवारी १९१७ ला आजची राज्यघटना जाहीर झाली. एक दिवस होसेफासाठी, एक या दोन गोष्टींसाठी, असा वेळ वाटा.

केरेतारो ते सान मिगेल

अंतर पासष्ट किलोमीटरच्या आसपास, सव्वा तास. ५७ क्रमांकाच्या महामार्गानं उत्तरेकडे निघायचं आणि मग डावीकडे सान मिगेलचा फाटा घ्यायचा. ५७ हा अमेरिकेच्या सरहद्दीकडे माल नेणारा रस्ता, ट्रकांची रांग संपत नाही. तेवढाच टप्पा दमवतो. उजव्या पट्ट्यात राहा आणि फाट्याची पाटी दिसताच सावकाश बाहेर पडा. फाटा घेतल्यावर निवडुंगाची माळरानं लागतात आणि गाडी चालवणं हेच सुख वाटायला लागतं.

सान मिगेलच्या गल्ल्या गोट्यांच्या, चढउताराच्या आणि एकेरी आहेत. गाडी मुक्कामाच्या जागेवर किंवा पैसे देऊन ठेवायच्या वाहनतळावर लावा आणि निघेपर्यंत हात लावू नका. गावाचं पूर्ण नाव सान मिगेल दे आयेंदे, कटातल्या त्या इग्नासिओ आयेंदेवरून. त्याचा जन्म इथला, १७६९ चा. चौकातल्या चर्चचं गुलाबी दगडाचं टोकदार दर्शनी अंग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेफेरिनो गुतिएर्रेस या स्थानिक कारागिरानं उभारलं. गावात परदेशी लोक खूप आहेत, म्हणून भाव चढे असतात. चौकापासून चार गल्ल्या दूर बाजारात जेवा.

आतोतोनिल्को आणि दोलोरेस

हा या प्रवासातला सर्वात भरलेला दिवस आहे, म्हणून आठच्या आत निघा. सान मिगेलहून दोलोरेसच्या रस्त्याला लागलं की पंधरा किलोमीटरच्या आत आतोतोनिल्कोचा फाटा येतो. बाहेरून किल्ल्यासारखं आडदांड, पांढरं देऊळ. आत शिरलात की छतापासून कमानींपर्यंत एक वीतही कोरी नाही. हे रंगकाम अठराव्या शतकात मिगेल आन्तोनिओ मार्तिनेस दे पोकासांग्रे यांनी केलं. इदाल्गो दोलोरेसहून निघाले तेव्हा इथूनच त्यांनी ग्वादालुपेच्या मातेचं, म्हणजे मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीच्या रूपाचं, निशाण उचललं आणि ते उठावाचं निशाण झालं. २००८ मध्ये सान मिगेलसोबत हे देऊळही जागतिक वारसा ठरलं. आत फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. हे अजूनही यात्रेकरूंचं ठिकाण आहे, गुडघ्यावर चालत येणारी माणसं तुम्हाला दिसतील. वारी पाहिलेल्या माणसाला तिथं कसं वागायचं हे सांगावं लागत नाही.

इतिहासात दोलोरेस आधी आणि आतोतोनिल्को मग. इथं आपला क्रम तेवढा उलटतो, रस्त्याला इलाज नाही.

दोलोरेस साधं, कामकरी गाव आहे. चर्चच्या पायऱ्यांसमोर उभं राहायचं, हाक इथं दिली. दर १५ सप्टेंबरच्या रात्री देशभरातल्या चौकांत तीच हाक पुन्हा दिली जाते. इदाल्गोंनी इथल्या लोकांना मातीकाम, द्राक्षं, रेशीम असे उद्योग लावायचा प्रयत्न केला होता. रंगीत चकाकीच्या भांड्यांसाठी गाव आजही प्रसिद्ध आहे आणि ती इथं सान मिगेलपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. गाडी आहे, म्हणून वजनाची चिंता नाही, पण विमानाची बॅग आठवा. चौकात आइस्क्रीमच्या गाड्या असतात: मका, अवोकाडो, पेरू, काटेरी निवडुंगाचं फळ, अगदी तळलेल्या डुकराच्या सालीचंही. चाखून बघायला देतात. गावच्या दफनभूमीत गायक-गीतकार होसे आल्फ्रेदो हिमेनेस यांची समाधी आहे, प्रचंड मोठ्या टोपीच्या आणि रंगीत शालीच्या आकाराची. तिथं कुणीतरी हमखास गुणगुणत उभं असतं.

जेवणाचं, विशेषतः शाकाहारी असाल तर

मका, मिरची, टोमॅटो, पेरू, चिकू, हे सगळं आपल्या घरात मेक्सिकोच्याच बाजूनं आलं. त्यामुळे चव परकी वाटत नाही. अडचण वेगळी आहे: उसळीसारख्या दिसणाऱ्या राजम्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. म्हणून "सिन कार्ने" एवढं पुरत नाही. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका" असं पूर्ण म्हणा, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, चरबी नको. चीज भरलेल्या केसादियात भोपळ्याची फुलं मागा, 'फ्लोर दे कालाबासा'. भोपळ्याच्या फुलांची भजी खाणाऱ्या माणसाला ती लगेच आपलीशी होतात. काटे काढून भाजलेल्या निवडुंगाच्या पानांना 'नोपाल' म्हणतात, चव गवारीच्या आणि भेंडीच्या मधली. केरेतारोत भरड मक्याच्या गोर्दिता, ग्वानाह्वातोत बटाटा-गाजर घातलेल्या 'एन्चिलादास मिनेरास', म्हणजे खाणकामगारांच्या एन्चिलादा. मोठं जेवण इथं दुपारी दोननंतर होतं. आई-बाबांसारखी साडेबाराची सवय असेल तर सोबत काही ठेवा.

दोलोरेस ते ग्वानाह्वातो: घाट

पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पण दीड तास धरा. सान्ता रोसाच्या डोंगरातून रस्ता चढतो आणि ओकच्या जंगलातून वळतो. वरंध किंवा आंबोलीचा घाट चालवलेल्यांना अवघड नाही. उतरताना मात्र ऑटोमॅटिक गाडीचा गिअर खालच्या आकड्यावर घ्या, ब्रेकवर सगळा भार टाकू नका. लहान इंजिन या उंचीवर चढाला थोडं धापतं, तेव्हा मागच्याला वाट देत सावकाश जा. दुपारी तीनच्या आत दोलोरेस सोडा. ढग उतरले तर पुढचं वळण दिसत नाही.

शहरात शिरण्याआधी व्हालेन्सियाना लागतं. थांबा. १७८८ चं सान कायेतानोचं चर्च आणि शेजारीच ती खाण, जिनं अठराव्या शतकाच्या अखेरीस जगाला चांदी पुरवली. ती चांदी नाण्यांच्या रूपानं युरोपला गेली, आणि आकापुल्कोहून १५६५ ते १८१५ पर्यंत मनिलाला जाणाऱ्या जहाजांतून आशियातही. सुरतेसारख्या बंदरांत परदेशी चांदी उतरे आणि टांकसाळीत वितळून तिचे रुपये पडत. त्या चांदीत मेक्सिकोच्या डोंगरांचा वाटा मोठा होता. आपल्या पणजीच्या पेटीतल्या रुपयात इथला कण असू शकतो, हे त्या खाणीच्या तोंडाशी उभं राहून मनात आलं आणि मला खाली अंधारात उतरलेली माणसं आठवली, ज्यांच्या वाट्याला तो रुपया कधीच आला नाही.

ग्वानाह्वातोत गाडीचं काय करायचं

इथं सर्वात जास्त लोक गोंधळतात, म्हणून सविस्तर सांगतो. शहर दरीत आहे. पुरानं ते वारंवार बुडायचं, म्हणून नदी वळवली, आणि १९६० च्या दशकात जुन्या पात्रातून गाड्यांचा रस्ता काढला. शिवाय डोंगरांतून बोगदे आहेत. जमिनीखाली फाटे फुटतात, चौक आहेत, बसथांबेही आहेत. आणि बोगद्यात फोनचा नकाशा बंद पडतो. एक फाटा चुकला तर शहराच्या दुसऱ्याच टोकाला बाहेर पडाल.

म्हणून असं करा. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशी संदेश पाठवून विचारा: दोलोरेसकडून येताना कुठून शिरायचं, गाडी कुठं लावायची, तिथून चालत किती. हे कागदावर लिहून शेजारच्याच्या हातात द्या. गाडी शहराच्या कडेच्या, रात्रभर चालणाऱ्या वाहनतळावर लावा आणि तिथून टॅक्सीनं सामान घेऊन जा. चुकलात तर बोगद्यात थांबू नका, उलट फिरू नका. जो रस्ता आहे त्यानं उजेडात बाहेर या, सुरक्षित जागी थांबा आणि मग नकाशा बघा. आमचे दोन फेरे झाले, तिसऱ्यांदा बरोबर निघालो. त्यात काही बिघडत नाही, वेग सगळ्यांचाच कमी असतो.

मग दोन दिवस फक्त पायांनी. आल्होंदिगा दे ग्रानादितास, म्हणजे ते धान्याचं कोठार, १८०९ मध्ये बांधून पुरं झालं आणि वर्षभरात रणभूमी झालं. २८ सप्टेंबर १८१० ला स्पॅनिश अधिकारी आणि श्रीमंत कुटुंबं चांदी घेऊन आत दडून बसली होती. पीपिला या टोपणनावाचा खाणकामगार पाठीवर दगडी फरशी बांधून गोळ्यांच्या वर्षावात दारापर्यंत गेला आणि त्यानं दार पेटवलं, अशी कथा आहे. त्यानंतर आत जी कत्तल झाली ती भीषण होती, आणि मार्गदर्शक ती लपवत नाहीत. पुढच्या वर्षी इदाल्गो पकडले गेले, ३० जुलै १८११ ला चिवावात त्यांना गोळ्या घातल्या. इदाल्गो, आयेंदे, आल्दामा आणि उठावातला त्यांचा साथी मारिआनो हिमेनेस यांची शिरं या कोठाराच्या चार कोपऱ्यांवर १८२१ पर्यंत टांगलेली होती. आत जिन्यावर होसे चावेस मोरादो यांची भित्तिचित्रं आहेत. सकाळी दार उघडताच जा, दुपारी शाळांच्या सहली येतात.

संध्याकाळी पीपिलाच्या पुतळ्यापाशी दोरीच्या रेल्वेनं वर जा आणि गल्ल्यांतून उतरत खाली या. रंगीत घरांची अख्खी दरी पायाखाली असते. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांचं जन्मघर, १८८६ चं, मधल्या रस्त्यातच आहे. ममींचं संग्रहालय मुलांना दाखवायचं का, ते आधी तुम्ही ठरवा. खऱ्या माणसांचे मृतदेह आहेत, त्यात तान्ही बाळंही. आम्ही गेलो नाही.

तीन दिवस जास्त असतील तर

ग्वानाह्वातोनंतर काही जोडू नका, केरेतारोच्या आधी जोडा. गाडी तेवढी आधीच घ्यावी लागेल. केरेतारोहून उत्तर-पूर्वेला सिएर्रा गोर्दात अठराव्या शतकातली पाच फ्रान्सिस्कन मिशन चर्चं आहेत, हाल्पान त्यातलं मुख्य. वाटेत बेर्नालचा एकसंध कातळ. पण हाल्पानपर्यंतचा रस्ता चार तासांचा आणि सतत वळणांचा आहे. गाडी लागणाऱ्यांनी आणि उजवीकडून चालवायची सवय नसलेल्यांनी तो पुढच्या खेपेला ठेवावा.

गाडी परत देताना

विमान दुपारनंतरचं घ्या. ग्वानाह्वातोहून सिलाओकडे टोलचा रस्ता आहे, विमानतळाला पाऊण तास पुरतो, पण वाहनतळापर्यंत सामान नेण्यात आणि शहरातून बाहेर पडण्यात तेवढाच वेळ जातो. विमानतळाच्या आधीच्या पंपावर टाकी भरून पावती ठेवा. डिकीतली दोलोरेसची भांडी आधी बाहेर काढा, मग व्हिडिओ घ्या. गाडी ताब्यात घेणाऱ्याकडून सगळं ठीक असल्याचं लिहून घ्या आणि अनामत सुटल्याचा संदेश येईपर्यंत तो कागद टाकू नका. मेक्सिको सिटीचं विमान तासाभराचं आहे. तिथल्या सकाळी नऊला भारतात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, पोचल्याचं घरी कळवायला बरी वेळ.